मोडेमवरचं पीठ

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आमच्या नीउ-व्हेनेपच्या घरात बारा महिने उबदार राहणारी जागा एकच होती, मीटरकास्ट. पुढच्या दारातून आत आलं की उजवीकडे संडास आणि त्याला लागून हे अरुंद कपाट. विजेचा मीटर, गॅसचा मीटर, पाण्याची मुख्य तोटी आणि इंटरनेटचा मोडेम असं सगळं त्यात कोंबलेलं. इथल्या प्रत्येक घरात ते असतंच. मोडेम अखंड चालू, त्यामुळे कपाट उघडलं की तोंडावर ऊब यायची. पहिल्या हिवाळ्यात माझं दही तीनदा लागलं नाही, तेव्हा नायमेखनला राहणाऱ्या एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, "अगं, मोडेमवर ठेव. आम्ही सगळ्याजणी तेच करतो." तेव्हापासून माझं दही मोडेमवर, मटकी मोडेमवर, इडलीचं पीठ मोडेमवर. नवरा म्हणायचा, आपल्याकडे देवापेक्षा मोडेमला जास्त नैवेद्य असतो.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं ते या पिठामुळे झालं, आणि ते मी सोळा दिवस लपवून ठेवलं.

मी तेव्हा एका छोट्या कंपनीत टेस्टर होते. ऑफिस अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला, मेट्रो स्टेशनासमोर, पण करोना आल्यापासून मी ते पाहिलंही नव्हतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आमची कंपनी एक पांढरी पेटी बसवायची आणि गळ्यात घालायला एक बटण द्यायची. पडलं, चक्कर आली, घाबरायला झालं, की बटण दाबायचं. पेटी फोनच्या लाइनवरून मदत केंद्राला फोन लावायची आणि तिथली बाई पेटीतूनच विचारायची, काय झालं, कोणाला पाठवू? वर्षानुवर्षं हे तांब्याच्या तारेवरून बिनबोभाट चाललं होतं. आता त्या तारा बंद होणार होत्या. सगळे फोन मोडेममधून, डिजिटल. जुन्या पेट्या केंद्राशी सुरांमध्ये बोलायच्या, पीप-पीप-पीप, म्हणजे मी अमुक नंबरची पेटी. आणि नवी लाइन त्यातले काही सूर वाटेतच खाऊन टाकायची. म्हणून पेटी आणि मोडेम यांच्यामध्ये एक छोटा अडॅप्टर बसवायचा होता. एरवी हे काम आमची माणसं घरोघरी जाऊन करत. पण त्या दिवसांत म्हाताऱ्यांच्या घरात पाऊल टाकायची सोय नव्हती. तेव्हा ठरलं असं की अडॅप्टर पोस्टानं पाठवायचा, सोबत चित्रांची एक पुस्तिका, आणि म्हाताऱ्यांनी तो आपला आपण जोडायचा. ती पुस्तिका आणि तो अडॅप्टर नीट चालतात की नाही, हे बघणं माझं काम.

हे काम मी दुसऱ्या मजल्यावर, उतरत्या छपराखालच्या खोलीत बसून करायची. खोलीत मधोमध उभं राहिलं तरच डोकं छताला लागत नसे. सकाळी नऊला मी तिथे चढायची, कानांवर बाहेरचा आवाज बंद करणारे मोठे हेडफोन घालायची आणि संध्याकाळी मान अवघडून खाली उतरायची. खिडकी छपरातच होती, तिच्यातून फक्त आकाश दिसे आणि तेही बहुतेक करड्या रंगाचं. सुरुवातीला मजा वाटली. मग नुसती चिडचिड व्हायला लागली, आणि ती काढायला घरात माणसं तीनच.

तिसरं माणूस म्हणजे माझे सासरे. मी त्यांना बाबा म्हणते. वीस सालच्या फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला सासूबाई गेल्या होत्या. साताऱ्याच्या घरात त्या बाथरूममध्ये पडल्या तेव्हा बाबा भाजी आणायला गेले होते. परत यायला त्यांना पाऊण तास लागला. माझ्या नवऱ्याच्या डोक्यात तो पाऊण तास जाऊन बसला तो बसलाच. त्यानं बाबांना इकडे आणलं, मार्चमध्ये विमानं बंद झाली, आणि मला वाटतं त्याला मनातून बरंच वाटलं. उन्हाळ्यात अडकलेल्या लोकांना घेऊन जाणारी खास विमानं सुटू लागली, तरी बाबांनी विषय काढला की तो "बघू" म्हणायचा. व्हिसाच्या मुदतवाढीचे कागद मात्र कोणी आठवण न करता वेळेवर भरायचा.

बाबा आयुष्यभर टेलिफोन खात्यात होते, एक्स्चेंजमध्ये. इथे त्यांना काही कामच नव्हतं. पाट्या वाचता येत नाहीत, सायकल चालवायची भीती, ओळखीचं कोणी नाही. दिवसातून दोनदा कालव्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. एकसारख्या विटांची एकसारखी घरं, सगळ्यांच्या खिडक्यांना पडदे नाहीत आणि आत कोणी बोलताना दिसत नाही. एकदा फिरून आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "तुमचा हा कोंडवाडा फार स्वच्छ आहे हो." मला हसू आलं आणि रागही आला. मीसुद्धा त्याच कोंडवाड्यात होते.

त्यांचा एक नेम होता. रोज अकराच्या चहाआधी जेवणाच्या टेबलापाशी बसून ते साताऱ्याच्या घरचा लँडलाइन लावायचे. फोन स्पीकरवर. तिकडे घंटी वाजत राहायची, दहा वेळा झाली की हे बंद करायचे. मला ते वर ऐकू यायचं नाही, पण चहाला खाली उतरले की शेवटच्या चार-पाच घंटा कानावर पडायच्या. एक दिवस न राहवून विचारलं, "बाबा, घराला कुलूप आहे. उचलणार कोण?"

"कोण उचलणार? लाइन जिवंत आहे का बघतो."

"घंटी वाजतेय म्हणजे आहे की जिवंत."

"असं नसतं," ते एकदम एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाले. "ही तुला ऐकू येते ना, ती घरातली घंटी नव्हे. ही एक्स्चेंज तुझ्या समाधानासाठी वाजवतं. तिकडचा फोन खरंच वाजतोय का, ते तिकडे बसलेल्यालाच कळणार."

मग चहा प्यायले आणि कालव्याकडे गेले.

ऑक्टोबरात त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला. सासूबाईंचं वर्षश्राद्ध यायचं होतं. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे तिथी डिसेंबरच्या मध्यावर गेली होती. "ती त्या घरातून गेली," बाबा म्हणाले, "तिचं वर्ष मी त्याच घरात करणार. मग तुम्ही म्हणाल तिथे राहतो. इथे म्हणालात तर इथे." नवरा म्हणाला, तिकडे तुम्ही एकटे, काही झालं तर कोण बघणार? बाबा म्हणाले, जे व्हायचं ते होईल. त्यावर नवरा जे बोलला ते त्यानं बोलायला नको होतं. तो म्हणाला, "आईचं झालं तसं?" बाबा उठून वर निघून गेले आणि रात्री जेवायला आले नाहीत.

मार्ग मी काढला. म्हटलं, माझ्याकडे चाचणीची एक पेटी आहे. बाबांनी महिनाभर हे बटण गळ्यात घालायचं, रोज एकदा दाबायचं, सगळं नीट जमतंय असं दिसलं की साताऱ्याला अशीच एक पेटी बसवू. तिकडे तांब्याची तार अजून आहे, जुनी पेटी सरळ चालेल, ती शेजाऱ्यांना आणि आम्हाला फोन लावेल. नवऱ्यानं दोन दिवस घेतले आणि हो म्हणाला. तिकडे उतरल्यावर विलगीकरणात जे दिवस जातील ते धरून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं तिकीट काढलं. मी फार उदार सून होते असं समजायचं कारण नाही. मला चाचणीसाठी सत्तरीच्या पुढचा माणूस हवाच होता. आणि खरं सांगायचं तर मला माझं घर परत हवं होतं.

बाबा खूश झाले. गळ्यात बटण घालून म्हणाले, "आता मी तुमच्याकडची घंटा बांधलेली गाय." पेटी उलटी करून पाहिली, अडॅप्टर पाहिला, तो मोडेमच्या शेजारी मीटरकास्टमध्ये मी जोडत होते तेव्हा मागे उभे राहिले. म्हणाले, "आमच्या वेळी सगळ्या गावाची वीज गेली तरी फोन चालायचा. का, सांग? एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची एक अख्खी खोली असायची. तारेतून आवाजाबरोबर वीजही आमचीच जायची. लोकांच्या घरात काय चाललंय याच्यावर आम्ही काही अवलंबून ठेवलंच नव्हतं. आणि तुमचं हे? या कपाटात कोणी काही केलं की संपलं." त्यांचं हे बोलणं मी तसंच्या तसं मीटिंगमध्ये सांगितलं आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पुस्तिकेत वीज गेल्यावर काय करायचं याचं एक पान त्यातूनच आलं.

त्याच मीटिंगमध्ये दुसरी एक गोष्ट झाली. पुस्तिका लिहिणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे डच होते. ते म्हणाले, पहिल्याच पानावर एक वाक्य घालू या: मोडेमवर किंवा अडॅप्टरवर काहीही ठेवू नका. लोक कुंड्या ठेवतात. माझं आधीच डोकं दुखत होतं. मी म्हटलं, लोक काही मूर्ख नाहीत, प्रत्येक जादा वाक्यानं म्हातारी माणसं आणखी घाबरतात, असली वाक्यं काढून टाका. सगळ्यांनी माना डोलावल्या, वाक्य गेलं. त्या क्षणी दोन मजले खाली माझ्याच मोडेमवर दही लागत होतं. मला ते आठवलंसुद्धा नाही. माझ्या लेखी तो मोडेम स्वयंपाकघरातला होता, पुस्तिकेतला मोडेम ऑफिसचा.

तीन आठवडे चाचणी छान चालली. बाबा रोज चारला बटण दाबायचे, कंपनीच्या चाचणी विभागात नोंद व्हायची, ते वहीत वेळ लिहायचे. बॅग भरायला घेतली होती. शेजाऱ्यांसाठी चीज, मोजे, कसलीशी बिस्किटं. सासूबाईंचा एक शबनम झोळा त्यांनी येताना आणला होता, तो पुन्हा पुन्हा घडी करून ठेवायचे. घरात हसणंबिसणं ऐकू येऊ लागलं होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी इडलीचं पीठ वाटलं, उंच पातेल्यात भरलं आणि मोडेमवर ठेवलं. थंडी असल्यामुळे आंबायला शुक्रवारी दुपारपर्यंत वेळ लागणार हे गृहीत धरलं. शुक्रवारी नवरा डेटा सेंटरला गेला होता, त्याला आठवड्यातून दोन दिवस जावंच लागे. माझी जेवणानंतर दोन तासांची मीटिंग. मी हेडफोन घालून वर बसले.

संडासाबद्दल थोडं सांगायला हवं. इथे लोक संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगतात. रोज नजर पडते म्हणून कोणाचा वाढदिवस विसरत नाही. नवऱ्यानं हौसेनं एक आणून त्यात सगळ्या घरादाराचे वाढदिवस लिहिले होते. बाबा आल्या आल्या भडकले होते, "माणसांची नावं संडासात टांगता?" पण ते तसंच राहिलं. सासूबाई गेल्यावरही त्यांचं नाव कोणी खोडलं नाही. त्यांचा वाढदिवस नोव्हेंबरात.

मीटिंग संपवून मी चहाला खाली आले तेव्हा संडासाच्या दारावर आतून ठोकल्याचा आवाज येत होता. जोरात नाही, एका लयीत, ठोकून ठोकून दमलेल्या माणसासारखा. कडीचा आतला खटका नुसता फिरत होता, कडी सरकत नव्हती. बाहेरून सुरीच्या टोकानं फिरवल्यावर ती उघडली. बाबा कमोडच्या झाकणावर बसले होते. शर्ट घामानं ओला, हातात गळ्यातलं बटण. ते पावणेदोन तास तिथे होते. पावणेदोन तास, त्या हातभर खोलीत, समोर कॅलेंडर आणि त्यावर नोव्हेंबरचं पान.

"बाबा! बटण दाबायचं ना!"

"दाबलं," ते म्हणाले. "पाणी दे."

मी स्वयंपाकघरात धावले. पाणी घेऊन आले तोवर ते बैठकीत जाऊन बसले होते. पाणी प्यायले, डोळे मिटले. मी परत दारापाशी गेले, का कुणास ठाऊक, आणि मीटरकास्ट उघडलं. पीठ फसफसून पातेल्याचं झाकण उचलून बाहेर आलं होतं. मोडेमच्या एका बाजूनं ओघळून सरळ शेजारच्या अडॅप्टरवर उतरलं होतं. मोडेमचे दिवे शांतपणे लुकलुकत होते, म्हणून वर माझी मीटिंग चालू राहिली. अडॅप्टर मेला होता. बैठकीतल्या पेटीनं फोन लावायचा प्रयत्न केला असणार, आणि नंतर तिथे कोणी नसताना डच बाईच्या आवाजात सांगितलं असणार की जोडणी होत नाहीये. त्या पेटीत अडचणीला एक सिमकार्डही असतं. मोडेमचाच रस्ता तपासायचा म्हणून ते मी माझ्या हातानं काढून ठेवलं होतं.

मग मी जे केलं ते फार भराभर केलं. पीठ पुसलं, अडॅप्टर उपटून ऑफिसच्या बॅगेत टाकला, तिथे दुसरा लावला, फडकं धुऊन वाळत घातलं. पीठ अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं, ते ओट्यावर ठेवलं. हे सगळं होईपर्यंत नवरा आला.

त्याला काय झालं ते कळल्यावर तो पांढराफटक पडला. "बाबा, तुम्ही बटण दाबलं नाहीत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी इडलीपात्राला तेल लावत होते. मला वाटतं मी तोंड उघडलं होतं. पण मला ती मीटिंग आठवली, लोक काही मूर्ख नाहीत म्हणणारा माझा आवाज, डोलणाऱ्या नऊ माना. माझा इथे राहायचा परमिट या नोकरीवर आहे, हेही आठवलं, पण ते नंतर. आधी आठवला तो स्वतःचा आवाज. मी तेल लावत राहिले.

"दाबलं," बाबा म्हणाले. "नीट दाबलं गेलं नसेल."

"म्हणजे बघा," नवरा म्हणाला. "इथे, घरात माणूस असताना ही परिस्थिती. तिकडे काय होईल? नाही बाबा, मी रिस्क नाही घेऊ शकत. सॉरी." आणि त्यानं तिथेच, टेबलावर लॅपटॉप उघडून तिकीट रद्द केलं. इडल्या झाल्या तेव्हा बाबा जेवायला बसले. दोन खाल्ल्या, तिसरी घेतली आणि म्हणाले, "आज पीठ छान फुगलंय." मी चटणी वाढली.

रिपोर्टात मी लिहिलं, चाचणी अयशस्वी, वापरणाऱ्यानं बटण पुरेसं न दाबल्याची शक्यता. लिहिताना स्वतःला सांगितलं की उद्या नवऱ्याला सांगू. उद्या आला. बाबांनी बॅगेतलं चीज फ्रिजमध्ये परत ठेवलं, तेव्हा वाटलं आत्ता सांगावं, पण नवरा कॉलवर होता. मग शनिवार-रविवार चांगला गेला, तो कशाला बिघडवा. मग ज्या दिवशी त्यांचं विमान होतं तो दिवस आला आणि गेला, आणि आता सांगून उपयोग काय, असं सुरू झालं. हे सगळं मी वर त्या छपराखाली बसून मनात घोळवायची. खाली उतरायची भीती वाटायला लागली. बाबा पहिल्यासारखेच वागत होते, उलट जास्तच चांगले. मी दिसले की हातातलं बाजूला ठेवून माझ्याकडे बघायचे, जणू आता ही काहीतरी बोलणार. मी म्हणायची, "चहा टाकू?"

सोळाव्या दिवशी दुपारी मी जिना उतरत होते आणि ते साताऱ्याच्या गुरुजींशी फोनवर बोलत होते. "नाही, यायचं जमत नाही," ते म्हणत होते. "नाही हो, विमानं आहेत. माझंच आता काही खरं नाही. साधं बटण दाबता येत नाही मला. पोरगा म्हणतो ते बरोबर आहे."

मी पायरीवरच बसले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. एका माणसाला मी पावणेदोन तास संडासात कोंडलं, ते चुकून. पण त्यानंतर सोळा दिवस मी त्याला म्हातारपणात कोंडून ठेवलं होतं, आणि ते माहीत असून.

नवरा वरच्या खोलीत होता. त्याला हाक मारून खाली बोलावलं आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. पीठ, अडॅप्टर, सिमकार्ड, फडकं, रिपोर्ट. नवरा आधी समजेचना. मग म्हणाला, "तू मला तिकीट कॅन्सल करताना बघत होतीस." त्यापुढे तो जे बोलला त्यातलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. तो लगेच तिकिटं शोधायला बसला. पण आता मिळेल त्या विमानानं गेले तरी विलगीकरणातच तिथी निघून जात होती. त्यानं तीन-चार वेळा तारखा मोजल्या आणि लॅपटॉप बंद केला.

बाबा म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"बटण दाबलं तेव्हाच कळलं. बैठकीतून पेटीचा आवाज येत होता. मागे डायल टोनच नव्हता. आमची हयात गेली त्यात. आणि शेजारून आंबूस वास. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी आधी ते कपाटच उघडून बघितलं." त्यांनी मीटरकास्टकडे हात केला. "लाइन गेली की माणूस आधी लाइनकडे जातो."

"मग बोलला का नाहीत, बाबा?" मी रडत होते. "त्याच दिवशी बोलला असतात तर गेला असतात तुम्ही."

"तुझी नोकरी आहे ती. तू काय लिहिणार आहेस ते मला काय माहीत? म्हटलं, सांगेल. आज नाही तर उद्या सांगेल." मग अगदी शांतपणे म्हणाले, "रोज वाटायचं."

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढे फेब्रुवारीत साताऱ्याला परत गेले तेव्हाही नाही. नवरा महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. ऑफिसात मी रिपोर्ट दुरुस्त केला आणि पुस्तिकावाल्या गृहस्थांना फोन करून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. सासरे कसे आहेत, एवढं विचारलं. मग ते वाक्य पहिल्या पानावर परत आलं, शेजारी चित्रासकट. त्यांनी मोडेमवर कुंडी काढून तिच्यावर फुली मारली होती. मी म्हटलं, कुंडी राहू दे, पण शेजारी एक पातेलंही काढा.

तिथीच्या दिवशी सगळा देश नव्यानं बंद झालेला होता. फुलं मिळाली नाहीत. आदल्याच दिवशी नवऱ्यानं सासूबाईंचा फोटो दुकानातून छापून आणला होता, तो टेबलावर भिंतीला टेकवला. साताऱ्याच्या गुरुजींनी लॅपटॉपवरून सांगितलं तसं बाबांनी केलं. दर्भ नव्हते, ते मनानं धरायला सांगितले. मी पहाटेपासून स्वयंपाक केला होता, खीर, वडे, आमसुलाची चटणी, जसं त्यांच्या घरी करतात तसं, बाबांना विचारून विचारून. पान वाढलं, नमस्कार झाले, गुरुजींनी निरोप घेतला. साडेदहा-अकरा झाले होते.

बाबांनी फोन घेतला आणि घरचा नंबर लावला. स्पीकर चालू केला, फोन फोटोसमोर पानाशेजारी ठेवला. घंटी वाजू लागली. दहा झाल्या. त्यांनी हात पुढे केला नाही. घंटी वाजत राहिली, मग तिकडून आपोआप बंद झाली.

"बाबा, बसा आता," नवरा म्हणाला.

"तू लाव," ते मला म्हणाले.

मला नंबर पाठ नव्हता. त्यांनी एकेक आकडा सांगितला, मी लावला. पुन्हा ती घंटी सुरू झाली. साताऱ्यात त्या वेळी दुपार होती. कुलूपबंद घरात फोन खरंच वाजतोय की नुसतं एक्स्चेंज आमचं समाधान करतंय, हे सांगू शकणारा माणूस एकच होता आणि त्यानं आज तिथे असायचं होतं. तो माझ्यासमोर नीउ-व्हेनेपला खुर्चीत बसला होता, सोवळं नेसून, हात जोडून, कान फोनकडे लावून. मी फोन हातात धरून उभी राहिले. तो बंद करायचा अधिकार मला नव्हता, आणि बाबा काही बंद कर म्हणत नव्हते.